अर्दबीलचा गालिचा आणि त्याचे विणकर



गालिचा हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, तो परक्या मुलखांतून आला याची आठवणहि कोणास राहिलेली नाहीं. फारसी भाषेंत ‘काली’ म्हणजे मोठा गालिचा आणि ‘कालीचा’ म्हणजे लहान. त्या लहानाचें नांव आपण सरसकट सर्वांस देऊन टाकलें. जाजम हा शब्दहि त्याच वाटेनें आला. आणि सतरंजीला तिचें नांव शतरंजाच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरील घरांवरून मिळालें. बसावयास जें अंथरावयाचें त्याची नांवें आपण ज्या देशाकडून घेतलीं, त्या देशाला या विद्येंत कांहीं विशेष अधिकार असला पाहिजे, हें उघड आहे.

मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. आमच्या क्रमिक पुस्तकांत लढाया, तह आणि राजांच्या सनावळ्या यांचीच गर्दी असे. परंतु एखाद्या युगाचें मन ओळखावयाचें असेल, तर त्या युगानें लढून काय मिळविलें यापेक्षां बसून काय निर्माण केलें तें पाहावें, असें मला वाटत आलें आहे. म्हणून आज मी एका गालिच्याचा इतिहास सांगणार आहें. नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां हा गालिचा मला शब्दांनींच आपणांपुढें पसरावा लागेल.

आधीं या कलेच्या वयाविषयीं दोन शब्द. लोंकर ही कसर, ओल आणि पायांची झीज यांनीं लौकर नष्ट होणारी वस्तु. त्यामुळें जुने गालिचे फार थोडे उरले. तथापि १९४९ सालीं सायबेरियाच्या दक्षिणेस अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथें रुदेन्को नांवाच्या रशियन संशोधकास एक अपूर्व लाभ झाला. तेथील एका प्राचीन थडग्यांत पाणी शिरून गोठलें होतें, आणि त्या बर्फांत सुमारें दोन मीटर लांबीरुंदीचा, गांठी मारून विणलेला एक गालिचा जसाच्या तसा राहिला होता. त्याच्या किनारीवर घोडेस्वार आहेत, हरणें आहेत, आणि सबंध गालिच्यांत बारा लाखांहून अधिक गांठी आहेत. त्याचें वय सुमारें तेवीसशें ते चोवीसशें वर्षांचें ठरतें. तो कोठें विणला गेला याविषयीं पंडितांत एकमत नाहीं; परंतु एवढी सफाई एका पिढींत येत नाहीं, हें मात्र कोणीहि मान्य करील.

दुसरी गोष्ट इराणच्या सासानी राजांची. इ. स. ६३७ च्या सुमारास अरबांनीं त्यांची राजधानी तेसिफोन जिंकली. तेथील राजवाड्यांत एक प्रचंड अंथरूण सांपडल्याची हकीकत तबरी या इतिहासकारानें दिली आहे. त्यावर एक सबंध उद्यान दाखविलें होतें: पाण्याचे पाट, वाटा, झाडें व फुलें, आणि तीं सोन्याच्या तारांनीं व रत्नांनीं मढविलेलीं होतीं. बाहेर हिंवाळ्यांत बाग उजाड झाली कीं, राजानें या विणलेल्या वसंतांत बसून मेजवानी करावी. जेत्यांनीं त्या अंथरुणाचें काय केलें? तें कापलें आणि लुटीच्या न्याय्य वांटणीसाठीं त्याचे तुकडे वांटून दिले. त्यांच्या दृष्टीनें त्यांत अन्याय नव्हता. सर्वांस सारखा वांटा मिळाला. मात्र बाग कोणाच्याच वांट्यास आली नाहीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं मनांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें व्हावयाचा आहे.

आतां आपण सोळाव्या शतकांत येऊं. १५०१ सालीं शाह इस्माईल यानें इराणांत सफवी घराण्याची सत्ता स्थापन केली. या घराण्याचा मूळ पुरुष शेख सफीउद्दीन हा सूफी साधु १३३४ सालीं वारला. इराणच्या वायव्य कोपऱ्यांत अर्दबील नांवाचें थंड हवेचें गांव आहे, तेथें त्याची समाधि आहे. नातवा-पणतवांच्या हातीं राज्य आल्यावर त्या समाधीचा मोठा दर्गा झाला. इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प यानें १५२४ पासून १५७६ पर्यंत राज्य केलें. हा राजा स्वतः चित्रकला शिकलेला होता, आणि त्याच्या दरबारीं चित्रकार, सुलेखनकार आणि पुस्तकें सजविणारे कारागीर यांचा मोठा मेळावा होता.

गालिच्याच्या इतिहासांत येथेंच एक मोठें वळण आलें. तोंपर्यंत गालिचा विणणें हा मुख्यतः तंबूंतला आणि खेड्यांतला उद्योग होता. मेंढपाळांच्या बायका आडव्या मागावर, आईपासून शिकलेली नक्षी डोक्यांत ठेवून विणीत. त्या नक्षींत सरळ रेषा, चौकोन व कोन अधिक. कारण जाड धाग्याच्या मोठ्या गांठींत गोल वेल नीट वळत नाहीं. सफवी काळांत राजाश्रयाच्या कारखान्यांत पुस्तकें सजविणाऱ्या चित्रकारांनीं कागदावर नक्षी आंखून द्यावी व विणकरांनीं ती लोंकरींत उतरवावी, अशी पद्धति आली. त्या काळच्या हस्तलिखितांचे पुठ्ठे पाहिले, तर मधोमध एक नक्षीदार पदक आणि चार कोपऱ्यांत त्याच पदकाचा एकेक चतुर्थांश अशी रचना आढळते. नेमकी तीच रचना गालिच्यावर आली. पुस्तकाचा पुठ्ठा जणूं जमिनीवर उघडून ठेवला.

विणण्याची क्रिया थोडक्यांत सांगतों. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यांतील लगतच्या दोन धाग्यांभोंवती रंगीत लोंकरीचा एक तुकडा गुंतवून गांठ मारावयाची, आणि त्याचीं टोकें पुढें सोडून कापावयाचीं. अशी एक ओळ पुरी झाली कीं, बाण्याचा आडवा धागा घालून जड फणीनें ठोकून बसवावयाचा. मग दुसरी ओळ. गांठीचे प्रकार मुख्यतः दोन. एकींत लोंकर दोन्ही धाग्यांस सारखाच वेढा घालते. तिला तुर्की गांठ म्हणतात. दुसरींत ती एकास पुरी वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. ती फारसी गांठ. बारीक, वळणदार नक्षीस ही दुसरी अधिक सोयीची. सर्व विणून झाल्यावर लोंकरीची लव सारखी कातरतात, आणि तेव्हां कोठें नक्षी स्पष्ट दिसूं लागते.

रंग वनस्पतींचे व कीटकांचे. निळा नीळीचा, तांबडा मंजिष्ठाच्या मुळ्यांचा किंवा किड्यांपासून मिळणारा, पिवळ्या छटा डाळिंबाच्या सालीच्या व रानटी झाडपाल्याच्या. आणि रंग पक्का बसावा म्हणून तुरटी. काळ्यासाठीं लोहयुक्त द्रव्य वापरीत, आणि तें लोंकरीस कालांतरानें खातें. म्हणून कित्येक जुन्या गालिच्यांत काळ्या रेषा खोल गेलेल्या आणि बाकीचे रंग किंचित् उठून आलेले दिसतात. रंगाऱ्याची एक घाणी संपून दुसरी आली कीं, त्याच निळ्यांत किंचित् फरक पडतो आणि गालिच्यावर फिकट-गडद पट्टे उमटतात. इराणी लोक यास ‘अब्राश’ म्हणतात. नवशिका यास दोष समजतो. जाणता त्यांतच त्या वस्तूचा जिवंतपणा पाहतो.

आतां अर्दबीलच्या गालिच्याकडे वळूं. तो साडेचौतीस फूट लांब व साडेसतरा फूट रुंद आहे. एखाद्या मध्यम शहरी बिऱ्हाडाची सगळी जागा त्यावर मावावी. ताणाबाणा रेशमाचा, लव लोंकरीची, रंग अवघे दहा. जमीन गडद निळी, रात्रीच्या आकाशासारखी. मध्यभागीं पिवळें सूर्यासारखें पदक. त्याभोंवतीं टोंकदार लंबगोलांची, सोळांची, माळ. चार कोपऱ्यांत त्याच पदकाचे चतुर्थांश. पदकाच्या दोन टोंकांस जणूं सांखळीनें टांगलेले दोन दिवे. आणि सर्व निळ्या जमिनीवर एकमेकींखालून-वरून जाणाऱ्या नाजूक वेली व त्यांवर असंख्य फुलें. त्या वेलींपैकीं कोणतीहि एक धरून बोट फिरवीत गेलें, तर ती कोठेंहि गोंधळत नाहीं. आपल्या उगमास परत येते. सभोंवतीं, आपल्या लुगड्यास कांठ असावा तशी, अनेक पट्ट्यांची किनार.

एका टोंकास लहानशी चौकट आहे. तींत हाफिझ कवीच्या एका गझलेंतील द्विपदी आहे. तिच्याखालीं, या उंबरठ्याचा सेवक मकसूद काशानी याचें हें काम, अशा अर्थाची सही आहे. आणि हिजरी सन ९४६ दिला आहे, म्हणजे इ. स. १५३९–४०. साल घातलेले त्या काळचे गालिचे जगांत अत्यंत विरळ. म्हणून अभ्यासकांस हा गालिचा म्हणजे मैलाचा दगड झाला आहे.

शाळामास्तराच्या संवयीप्रमाणें थोडा हिशेब करूं. या गालिच्याच्या एका चौरस इंचांत सुमारें ३४० गांठी आहेत, आणि एकंदर गांठी अडीच कोटींहून अधिक भरतात. एका गांठीस दहाच सेकंद लागले असें धरलें, तरी अडीच कोटी गांठींस जवळजवळ सत्तर हजार तास होतात. एकच माणूस रोज दहा तास, एकहि सुटी न घेतां बसला, तर त्यास एकोणीस वर्षें लागतील. अर्थात् एवढ्या रुंद मागावर दहा माणसें एका वेळीं बसूं शकतात. तरीहि नुसत्या गांठींस दोन वर्षें हवींत, आणि त्याआधींचें सूत, रंग, ताणा यांचें काम वेगळेंच.

त्या दोन दिव्यांविषयीं एक मौजेचा वाद आहे. ते सारखे नाहींत. एक मोठा, एक लहान. कोणी म्हणतात, लहान दिव्याच्या बाजूस बसून पाहणाऱ्यास दूरचा मोठा दिवा अंतरामुळें लहान दिसून दोन्ही सारखे वाटावेत म्हणून ही युक्ति. यावर असा आक्षेप आहे कीं, त्या काळीं इराणांत अशी युक्ति वापरल्याचा दुसरा पुरावा मिळत नाहीं, आणि दिवे तर सपाटच काढलेले आहेत. दुसरें मत असें कीं, पूर्णत्व एका परमेश्वराचें. माणसानें आपल्या कृतींत एक उणीव मुद्दाम ठेवावी, या नम्र भावनेनें तसें केलें. कोणतेंहि खरें असो. ज्यांनीं एवढी नक्षी इतक्या काटेकोरपणें सांभाळली, त्यांच्या हातून हा फरक नकळत झाला असेल, हें संभवत नाहीं.

येथपर्यंत कौतुकाची कथा झाली. पुढची कथा निराळी आहे.

१८४३ सालीं दोन इंग्रज प्रवासी अर्दबीलच्या दर्ग्यांत गेले असतां त्यांनीं असा गालिचा तेथें पाहिला. त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं भूकंपानें दर्ग्याची मोडतोड झाली, आणि दुरुस्तीस पैसा हवा म्हणून जुने गालिचे विकले गेले असें सांगतात. मूळचे गालिचे एक नव्हे, दोन होते. सारख्याच नक्षीची जोडी. दोन्ही झिजलेले व फाटलेले. मँचेस्टरच्या झीग्लर कंपनीनें ते विकत घेतले. इराणी गालिच्यांस या वेळीं युरोपांत अतोनात मागणी आली होती, आणि अखंड वस्तूस फाटक्या दोहोंपेक्षां किंमत अधिक येते, हा व्यापाराचा नियम आहे. तेव्हां एका गालिच्यांतील तुकडे कापून दुसऱ्याचीं भगदाडें भरण्यांत आलीं. असा अखंड झालेला गालिचा १८९२ सालीं लंडनच्या व्हिन्सेंट रॉबिन्सन कंपनीनें विक्रीस मांडला.

त्या वेळीं साऊथ केन्सिंग्टन म्युझियम या नांवानें ओळखलें जाणारें, आजचें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तो घ्यावा कीं नाहीं याचा विचार करीत होतें. त्यांनीं विल्यम मॉरिस यास सल्ला विचारला. मॉरिस हा कवि, नक्षीकार आणि हस्तव्यवसायांचा कैवारी. त्यानें गालिचा पाहून अत्यंत अनुकूल मत दिलें. त्याच्या रचनेंत त्यास कोठेंहि उणें दिसलें नाहीं. १८९३ च्या मार्च महिन्यांत संग्रहालयानें दोन हजार पौंड देऊन गालिचा घेतला. ती रक्कम त्या काळीं फार मोठी होती. त्याचा जोडीदार, किनार गमावलेला, उरल्या तुकड्यांचा सांधलेला, मात्र गुप्त ठेवण्यांत आला होता. पुढें तो अमेरिकेंत धनिकांच्या हातीं फिरला, आणि जे. पॉल गेटी यानें १९५३ सालीं तो लॉस एंजल्सच्या संग्रहालयास दिला. आज तो तेथेंच आहे.

तेसिफोनचें अंथरूण कापून वांटलें गेलें. अर्दबीलचा गालिचा कापून जोडला गेला. या दोहोंत अधिक वाईट कोणतें? पहिल्यांत वस्तु नाहींशी झाली. दुसऱ्यांत एक वस्तु वांचली, परंतु तिच्या सख्ख्या भावंडाच्या अंगावरील कातडें काढून. कोणी म्हणेल, दोन्ही गालिचे कुजून गेले असते, त्यापेक्षां एक तरी डोळ्यांपुढें आहे. या बोलण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्या अखंडपणाची आपण वाहवा करतों, तो अखंडपणा कशानें आला हें सांगितल्यावांचून ती वाहवा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आज संग्रहालयें हा इतिहास उघडपणें सांगतात, ही समाधानाची गोष्ट होय.

या वस्तूंचें एवढें आकर्षण तरी कशाचें? माझ्या मतें तीन गोष्टींचें. पहिली, बाग. इराण हा रखरखीत पठाराचा देश. पाणी भुयारी कालव्यांनीं आणावें तेव्हां झाड जगतें. भिंतीनें वेढलेली बाग या अर्थाचा जुना इराणी शब्द फिरून फिरदोस, म्हणजे स्वर्ग, या शब्दांत आला. ज्याला बाग दुर्मिळ तोच ती अंथरुणावर विणतो. दुसरी गोष्ट, शिस्त आणि वैचित्र्य यांचा मेळ. चारी कोपरे एका नियमानें बांधलेले, पण जवळून पाहावें तों प्रत्येक फूल पाहण्यासारखें. तिसरी, रंगांचें वार्धक्य. अस्सल वनस्पतिरंग उतरतात तेहि एकमेकांस सांभाळून उतरतात. १८५६ सालीं पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें कृत्रिम रंग शोधून काढला, आणि पुढें असे स्वस्त रंग इराणांतहि पोंचले. त्यांतील पहिले रंग इतके कच्चे होते कीं, चारदोन वर्षांतच गालिचे विटत; तेव्हां इराणच्या दरबारास त्यांवर बंदी घालावी लागली.

आपल्या देशाचाहि या कलेशीं जुना संबंध आहे. अकबरानें आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथें गालिच्यांचे कारखाने घातले. तरीहि केरमान, सब्झवार इत्यादि ठिकाणांहून इराणी गालिचे येतच होते, असें अबुल फजल लिहितो. जयपूरच्या संग्रहांत पाट, झाडें व मासे दाखविणारा एक अप्रतिम उद्यान-गालिचा आहे. त्यावरील चिठ्ठींत १६३२ साल असून त्यास परदेशी गालिचा म्हटलें आहे. आणि पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगांत एकोणिसाव्या शतकांत कैदी गालिचे विणीत, ही गोष्ट महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ठाऊक असेल.

कैद्यांचा विषय निघाला म्हणून शेवटचा मुद्दा सांगतों. जुन्या गालिच्यांच्या किंमती आज थक्क करणाऱ्या आहेत. सतराव्या शतकांतील एक इराणी गालिचा २०१३ सालीं न्यूयॉर्क येथें लिलांवांत तीन कोटी तीस लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेला. परंतु गांठ मारणाऱ्याच्या वांट्यास काय आलें? युरोपची मागणी वाढली तशी केरमानसारख्या गांवीं दमट, अंधाऱ्या खोल्यांत लहान लहान मुलें मागावर बसूं लागलीं. त्यांचीं हाडें वांकलीं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीनें हा प्रश्न हातीं घेतल्यावर १९२३ सालीं केरमानच्या सुभेदारास हुकूम काढून कामाचा दिवस आठ तासांचा करावा लागला व फार कोंवळ्या मुलांस कामावर घेण्यास मनाई करावी लागली. मागाजवळच्या त्या मुलांची सही कोणत्याहि चौकटींत नाहीं. अर्दबीलच्या गालिच्यावर मकसूदचें नांव आहे; तो बहुधा कामाची मांडणी करणारा मुख्य होता. त्याच्या हाताखालच्या विणकरांपैकीं एकाचेंहि नांव आपणांस कळत नाहीं.

म्हणून माझी श्रोत्यांस एवढीच सूचना आहे. एखादा हातविणीचा गालिचा पाहण्याचा योग आला, तर प्रथम त्याचा कोपरा उचलून पाठ पाहावी. पुढें लव असते, शोभा असते. पाठीवर एकेक गांठ उघडी दिसते, आणि प्रत्येक गांठ कोणाच्या तरी बोटांनीं मारलेली असते. घ्यावयाचा असेल तर तो कोणीं आणि कोणत्या मजुरीवर विणला, हेंहि विचारावें. अशा चौकशीनें सौंदर्य कमी होत नाहीं. २०१० सालीं युनेस्कोनें काशान व फार्स येथील गालिचे विणण्याच्या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, तेव्हां मान मिळाला तो एखाद्या जुन्या वस्तूस नव्हे, तर जिवंत हातांच्या कौशल्यास, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

लंडन येथील गालिचा पुष्कळ वर्षें भिंतीवर टांगलेला होता. २००६ सालीं त्यास पुन्हां जमिनीलगत आडवा पसरून भोंवतीं कांचेचें मोठें दालन केलें. उजेडानें रंग उडूं नयेत म्हणून त्यावर दर अर्ध्या तासानें दहाच मिनिटें दिवे लावण्याची व्यवस्था केली. भिंतीवर तो चित्र होता. जमिनीवर येऊन तो पुन्हां गालिचा झाला. मकसूदच्या विणकरांनीं तो तसाच, बसून पाहण्यासाठीं, विणला होता.